लघवीच्या पिशवीतली साधी गाठ, म्हणजे मूत्राशयाचा लियोमायोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'मूत्राशयात गाठ' एवढे शब्द दिसले की बहुतेक जण पुढचं वाचतच नाहीत. रात्र मोबाइलवर शोधाशोध करण्यात जाते, आणि सकाळी ओपीडीत येतात ते कॅन्सर झालाय हे धरूनच. मूत्राशयातल्या बहुतेक गाठी खरोखरच कॅन्सरच्या असतात, त्यामुळे ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण मोजक्या रुग्णांत ती गाठ साध्या स्नायूची निघते. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, याबद्दल विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

डॉक्टर म्हणाले, 'पिशवीत गाठ आहे.' नेमकी कुठली पिशवी?

हा प्रश्न डॉक्टरांसमोर असतानाच विचारायला हवा. आपल्याकडे बायका 'पिशवी काढली' म्हणतात तेव्हा ती गर्भाशयाची. 'लघवीची पिशवी' म्हणजे मूत्राशय. आणि ऑपरेशननंतर कॉटला लटकवतात ती युरिन बॅगही पिशवीच! 'पिशवीत गाठ आहे, पण साधी आहे' असं ऐकून ती गर्भाशयाची फायब्रॉईड समजून वर्ष-दोन वर्षं गप्प बसणाऱ्या बायका असतात. दोन्ही अवयव एकमेकांना खेटून आहेत, पुढे मूत्राशय आणि मागे गर्भाशय. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्यालाही कधी कधी मूत्राशयाच्या मागच्या भिंतीतली गाठ गर्भाशयाची वाटते. रिपोर्टवर अवयवाचं नाव स्वतः वाचून घ्या. इंग्रजी रिपोर्टात मूत्राशयाला 'युरिनरी ब्लॅडर' आणि गर्भाशयाला 'युटेरस' लिहिलेलं असतं.

लियोमायोमा म्हणजे काय?

शब्द ग्रीकवरून आला आहे. 'लेइओस' म्हणजे गुळगुळीत, 'मिस' म्हणजे स्नायू आणि 'ओमा' म्हणजे गाठ. दंडाचे, मांडीचे स्नायू आपण मनात आलं की हलवतो. आतडं, रक्तवाहिन्या, गर्भाशय, मूत्राशय यांच्या भिंतीतले स्नायू आपलं आपण काम करतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर पट्टे दिसत नाहीत, म्हणून ते गुळगुळीत स्नायू. या स्नायूच्या पेशी एका जागी वाढत गेल्या की लियोमायोमा तयार होतो. गर्भाशयात असला तर त्यालाच आपण फायब्रॉईड म्हणतो. थोडक्यात, मूत्राशयाचा लियोमायोमा हा फायब्रॉईडचा चुलतभाऊ. फक्त तो राहतो दुसऱ्या घरात, आणि भेटतो फार क्वचित.

मूत्राशयाची भिंत थराथरांची असते. आतून पातळ अस्तर, त्याखाली सैल ऊती, मग लघवी बाहेर ढकलणारा जाड स्नायू आणि सगळ्यात बाहेर चरबीचं आवरण. मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर अस्तरातून उगवतो. लियोमायोमा स्नायूतून वाढतो आणि अस्तर बहुधा त्याच्यावर शाबूत असतं. हा फरक लक्षात राहू द्या, पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

म्हणजे हा कॅन्सर नाही ना? पुढे जाऊन होईल का?

नाही. ही साधी गाठ आहे. ती आजूबाजूला मुळं पसरत नाही आणि रक्तातून दुसऱ्या अवयवांत जात नाही. तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं असंही दिसून आलेलं नाही. गुळगुळीत स्नायूचा कॅन्सर असतो, त्याला लियोमायोसार्कोमा म्हणतात. पण तो वेगळा आजार आहे.

खरा प्रश्न 'साध्या गाठीचा कॅन्सर होईल का' हा नसतो. 'जिला आपण साधी म्हणतोय ती नक्की साधीच आहे का' हा असतो. त्याचं उत्तर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे देऊ नये, आणि दिलं तर तुम्ही स्वीकारू नये.

किती जणांना होते? कुणाला होते?

मूत्राशयाच्या सगळ्या गाठींमध्ये हिचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तरीही मूत्राशयात स्नायू, चरबी, नसा अशा अस्तराखालच्या ऊतींतून ज्या साध्या गाठी येतात, त्यांत हीच सर्वांत जास्त आढळते. नोंद झालेल्या रुग्णांत स्त्रिया जास्त, आणि बहुतेकींचं वय तिशी ते साठीच्या दरम्यान. स्त्रियांची पोटाची सोनोग्राफी पाळी, गरोदरपण अशा कारणांनी मुळात जास्त वेळा होते, म्हणून त्यांच्यात ती जास्त सापडते असाही एक तर्क आहे. मला तो पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

मला का झाली? माझं काही चुकलं का?

तुमचं काही चुकलेलं नाही. नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. काही गाठींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनना प्रतिसाद देणारे घटक सापडतात, म्हणून हार्मोनचा हात असावा असं मानतात. मूत्राशयाच्या स्नायूला झालेला जुना जंतुसंसर्ग किंवा गर्भावस्थेत चुकीच्या जागी राहून गेलेल्या पेशी, असेही अंदाज आहेत. लघवी दाबून ठेवल्याने, तिखट खाल्ल्याने किंवा स्कूटरवर फिरल्याने ही गाठ होत नाही.

तंबाखूचं विचाराल, तर सिगारेट-बिडीचा थेट संबंध मूत्राशयाच्या कॅन्सरशी आहे, या गाठीशी नाही. पण घरात बिडी ओढणारं कुणी असेल आणि लघवीत रक्त गेलं असेल, तर 'ती साधी गाठ असते म्हणे' असं त्यांना सांगू नका.

लक्षणं काय असतात?

गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे बसली आहे यावर लक्षणं ठरतात.

साधारण दोन-तृतीयांश गाठी मूत्राशयाच्या आत डोकावतात. त्या लवकर त्रास देतात. वारंवार लघवीला जावं लागतं, घाई होते, जळजळते, वरचं अस्तर खरवडलं गेलं तर रक्त जातं. गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी असली तर नळाच्या वॉशरसारखी मध्ये येते. धार बारीक होते, मध्येच तुटते, कुंथावं लागतं, कधी लघवी पूर्ण अडते. बसण्याची ढब बदलली की धार सुटते, असंही काही जण सांगतात. बाईमाणसाला लघवी अडणं हे मुळातच दुर्मिळ. पुरुषांना प्रोस्टेट तरी असते. म्हणून स्त्रीची धार बारीक झाली तर नुसत्या गोळ्या देत न बसता आत पाहायलाच हवं.

उरलेल्यांपैकी बहुतेक गाठी मूत्राशयाच्या बाहेरच्या अंगाला वाढतात. त्या शांत असतात. पोटाच्या मोकळ्या जागेत निवांत मोठ्या होतात, ओटीपोटात जडपणा येतो किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. अगदी थोड्या भिंतीच्या जाडीतच राहतात.

गाठ किडनीकडून येणाऱ्या मूत्रवाहिनीच्या तोंडाशी असली तर त्या बाजूची किडनी फुगते. कंबरेच्या एका बाजूला दुखतं, आणि कधी काहीच दुखत नाही. म्हणून मूत्राशयात गाठ दिसली की किडन्यांची सोनोग्राफी ओघाने आलीच.

वर्षभर उन्हाळी लागली म्हणून उपचार चालले होते. चुकलं का?

उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मग दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी, हा क्रम घरोघरचा आहे. एकदा-दोनदा जळजळ झाली तर त्यात फार वावगं नाही, दुकानातली पट्टी सोडून. पण तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नसतील, तर पुढची पट्टी घेण्याआधी सोनोग्राफी करा. भरल्या मूत्राशयाने करा. रिकाम्या मूत्राशयात गाठ लपते, त्यामुळे 'पाणी पिऊन या' हे रिसेप्शनवरचं सांगणं मनावर घ्या.

लघवीत रक्त गेलं असेल तर मात्र एकदाच गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, यातलं काहीही दिलासा देणारं नाही. न दुखता गेलेल्या रक्ताचीच आम्हाला जास्त काळजी वाटते.

सोनोग्राफीत दिसली, मग एमआरआय आणि दुर्बीण कशाला?

सोनोग्राफीत गाठ गोल, कडा गुळगुळीत आणि आतून एकसारखी दिसली तर लियोमायोमाचा संशय येतो. ती गर्भाशयाची की मूत्राशयाची, भिंतीच्या कुठल्या थरात, मूत्रवाहिनीपासून किती दूर, हे एमआरआय चांगलं सांगतो. त्यातल्या टी-२ म्हणतात त्या चित्रांत ही गाठ सहसा स्नायूसारखी गडद दिसते. मोठी गाठ आतून सडू लागली तर मात्र चित्र मिश्र होतं आणि ओळख अवघड जाते.

दुर्बिणीतून, म्हणजे सिस्टोस्कोपीत, अस्तर डोळ्यांनी दिसतं. कॅन्सर बहुधा शेवाळासारखा किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो. लियोमायोमा म्हणजे चादरीखाली चेंडू ठेवल्यासारखा, वर साधं गुळगुळीत अस्तर ताणलेलं. हे चित्र पाहून अनुभवी युरॉलॉजिस्टला अंदाज येतो. अंदाजच, निदान नाही.

बायोप्सी 'नॉर्मल' आली, पण गाठ तर दिसते आहे. हे कसं?

चादरीचा तुकडा कापून तपासला तर चादरच मिळणार, चेंडू नाही. वरवर घेतलेल्या चिमट्याच्या बायोप्सीत फक्त शाबूत अस्तर येतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल' लागतो. अशा रिपोर्टवर विसंबून कुणी घरी जाऊ नये. स्नायूपर्यंत खोल गेलेला तुकडा हवा. तो सहसा भूल देऊन, दुर्बिणीतून विजेच्या तारेने गाठ खरवडतात तेव्हाच मिळतो. गाठ बाहेरच्या अंगाला असली तर योनिमार्गातून सुईने तुकडा घेता येतो. लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीत आलेल्या पेशींची तपासणी, इथे उपयोगाची नाही, कारण या गाठीच्या पेशी लघवीत झडत नाहीत.

लघवी करताना डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, घाम फुटतो. याचा गाठीशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि या पानावरच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मूत्राशयाच्या भिंतीत पॅरागँग्लिओमा नावाची गाठ क्वचित होते. बाहेरून तीही तशीच गोल, वर अस्तर शाबूत. पण ती ॲड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं बनवते. मूत्राशय भरलं किंवा आकसलं की ती पिळली जाते, रसायनं रक्तात सुटतात आणि रक्तदाब एकदम चढतो. लघवी करता करता डोकं दुखणं, धडधडणं, पांढरंफटक पडणं, चक्कर येणं ही तिची खूण. अशी गाठ तयारीविना खरवडायला घेतली तर टेबलावरच रक्तदाब जीवघेणा वाढू शकतो. आधी रक्तातल्या किंवा चोवीस तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिनची, म्हणजे त्या रसायनांपासून बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी करतात, ती वाढलेली निघाली तर काही दिवस रक्तदाबाची खास औषधं देतात आणि मगच ऑपरेशन. पेशंट लाजेने किंवा 'याचा काय संबंध' म्हणून हे लक्षण सांगत नाहीत. आम्हीही दर वेळी विचारतोच असं नाही, हेही खरं.

बायोप्सीच्या रिपोर्टातले शब्द कसे वाचायचे?

'स्पिंडल सेल्स' म्हणजे चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. स्नायूच्या पेशी तशाच असतात, घाबरू नका. त्यापुढे तीन गोष्टी शोधा. 'माइटोसिस' म्हणजे पेशींचं विभाजन, ते नसावं किंवा नगण्य असावं. 'एटिपिया' म्हणजे पेशींचं विचित्र रूप, ते नसावं. 'नेक्रोसिस' म्हणजे गाठीतला मेलेला भाग, तोही नसावा. हे तिन्ही नसेल तर चित्र लियोमायोमाचं.

खात्रीसाठी पॅथॉलॉजिस्ट आयएचसी नावाच्या रंगचाचण्या करतात. एसएमए आणि डेस्मिन पॉझिटिव्ह म्हणजे पेशी स्नायूच्या आहेत. इथे 'पॉझिटिव्ह' वाचून दचकायचं कारण नाही. एएलके ही चाचणी इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर नावाची दिसायला जवळची गाठ वेगळी काढायला करतात. त्या गाठीत ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, लियोमायोमात येत नाही.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यावं का?

दुर्मिळ गाठ असेल तर घ्यावंच, असं माझं मत. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, लॅबकडून मागून घ्यायचा. लॅब लेखी अर्ज मागते, पण देते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आलेल्या स्लाइड आणि ब्लॉकची फेरतपासणी होते, मोठ्या मेडिकल कॉलेजांतही होते. ब्लॉक परत मागून जपून ठेवा, आणि उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका. मेण वितळतं.

ऑपरेशन करायलाच हवं का?

गाठ लहान, त्रास काहीच नाही, किडन्या ठीक आणि निदान पक्कं असेल तर नुसती नजर ठेवता येते. सहा महिन्यांनी आणि मग वर्षा-वर्षाने सोनोग्राफी. अट एकच, निदान तुकड्यावरून झालेलं हवं. चित्रावरून झालेल्या निदानावर वाट पाहत बसणं मला धोक्याचं वाटतं. लघवी अडत असेल, रक्त जात असेल, किडनी फुगली असेल किंवा गाठ वाढत असेल तर काढायची.

कोणतं ऑपरेशन?

आत डोकावणारी, लहान गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात. पोटावर टाका नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. गाठ बाजूच्या भिंतीवर असली तर तारेतल्या विजेने मांडीची नस चेतते आणि पाय खाड्कन झटका मारतो. त्या झटक्यात मूत्राशयाला भोक पडू शकतं, म्हणून भूलतज्ज्ञ ती नस आधी बधिर करतात किंवा स्नायू सैल करणारं औषध देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मोठी, भिंतीतली किंवा बाहेरच्या अंगाची गाठ पोटाकडून काढतात, चिरा देऊन, लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटच्या मदतीने. बऱ्याचदा गाठ कैरीच्या बाठ्यासारखी सोलून निघते. नाही निघाली तर मूत्राशयाचा तेवढाच भाग कापून उरलेलं शिवतात. स्त्रियांत काही गाठी योनिमार्गातूनही काढता येतात.

पूर्ण मूत्राशय काढावं लागेल का? आणि 'त्यातच गर्भाशयही काढून टाकू' असं सुचवलं तर?

लियोमायोमासाठी पूर्ण मूत्राशय काढायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. कुणी तसं सुचवलं तर 'बायोप्सीत नेमकं काय आलं?' हा पहिला प्रश्न, आणि दुसरं मत घेणं ही दुसरी गोष्ट.

गर्भाशयाचा निर्णय गर्भाशयाच्या आजारावरच व्हावा. मूत्राशयात फायब्रॉईडसारखी गाठ आहे, एवढं ते काढायला कारण पुरत नाही. पोट उघडलंच आहे तर तेही उरकून घेऊ, हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि तितक्याच सहज मान डोलावली जाते, बऱ्याचदा पेशंटच्या ऐवजी नातेवाइकांची.

गोळ्यांनी, काढ्याने विरघळेल का?

नाही. कुळथाचं कढण मुतखड्यासाठी पितात, ते या गाठीवर चालत नाही. फायब्रॉईडसाठी वापरतात ती हार्मोनची इंजेक्शनं मूत्राशयाच्या गाठीवर तुरळक रुग्णांत वापरली गेली आहेत, पण तो प्रस्थापित उपचार नाही. केमोथेरपी, रेडिएशन किंवा मूत्राशयात सोडतात ते बीसीजी औषध, यातलं काहीही या गाठीला लागत नाही. शेजारच्या वॉर्डातल्या पेशंटला बीसीजी चालू आहे आणि मला का नाही, असं वाटलं तर कारण एवढंच की त्यांची गाठ अस्तराच्या कॅन्सरची आहे.

गरोदर असताना सापडली तर?

घाईने निर्णय नको. त्रास नसेल आणि संशयास्पद काही दिसत नसेल तर बाळंतपणापर्यंत थांबता येतं. रंगद्रव्य न देता एमआरआय करता येतो. प्रसूतितज्ज्ञ आणि युरॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं. गाठ खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी असेल किंवा सिझेरियनचा विचार असेल तर जास्तच.

नळी किती दिवस? घरी काय सांभाळायचं?

दुर्बिणीतून काढली तर लघवीची नळी साधारण एक ते तीन दिवस. मूत्राशय शिवलं असेल तर आठवडा ते दोन आठवडे, आणि काढण्याआधी कधी कधी रंगद्रव्य सोडून गळत तर नाही ना ते पाहतात. युरिन बॅग कायम कमरेच्या खाली ठेवा. पेशंटला रिक्षात बसवताना नातेवाईक ती कौतुकाने उंच धरतात आणि लघवी उलटी आत जाते.

नळी निघाल्यावर थोडे दिवस घाई होते, जळजळतं. मूत्राशयाचा भाग काढला असेल तर ते लहान झाल्यासारखं वाटतं, पण काही महिन्यांत बरंचसं सैल होतं. दहा-बारा दिवसांनी खपली पडली की लघवी पुन्हा लालसर दिसू शकते, पाणी वाढवलं की निवळते. गुठळ्या पडणं, लघवी अडणं, थंडी वाजून ताप किंवा पोटात वाढतं दुखणं असेल तर सकाळची वाट पाहू नका. साधारण महिनाभर जड उचलू नका, आणि त्यात पाण्याने भरलेली कळशीही आली.

पुन्हा होते का?

पूर्ण निघाली असेल तर क्वचितच. दुर्बिणीतून खरवडताना थोडी राहिली तर तेवढी पुन्हा वाढू शकते आणि दुसऱ्यांदा खरवडावी लागते. तपासणीचं जगभर एकच असं वेळापत्रक नाही. बहुतेक जण तीन ते सहा महिन्यांनी दुर्बीण किंवा सोनोग्राफी, मग काही वर्षं वर्षातून एकदा सोनोग्राफी करतात.

सरकारी योजनेत बसतं का?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत लघवीच्या मार्गाची बरीच ऑपरेशनं येतात. तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, कारण पूर्वमंजुरी लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घेऊन अशीच चौकशी करा. विमा कंपनीच्या फॉर्मवर 'ब्लॅडर ट्यूमर' एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांना तिथे 'बिनाइन लियोमायोमा' असं पूर्ण लिहायला सांगा, आणि सोबत बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत जोडा. नाहीतर पुढच्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण करताना त्या अर्धवट शब्दांवरून प्रश्न येतात, आणि जुना रिपोर्ट शोधायला कपाट उपसावं लागतं.